नेमकं अडलं कुठे?

चालत्या गाडीची चाकं अचानक धरली की भोवती जमलेली माणसं आधी तिला ढकलून बघतात. हलत नाही म्हटल्यावर कुणीतरी दोरखंड काढतं, समोर ट्रॅक्टर नाहीतर पिकअप येऊन उभी राहते आणि टोचन लावायचा बेत ठरतो. सगळं मदतीच्या भावनेनंच चाललेलं असतं. पण जाम झालेल्या गाडीच्या पोटात त्या घडीला पुरावा जागच्या जागी असतो. बेरिंगचा तुटलेला तुकडा गिअरच्या ज्या दोन दातांमध्ये रुतला, तिथेच अडकलेला असतो. गाडी जबरदस्तीनं ओढली की तो चिरडतो, दात उडतात, कधी केसिंगच फुटतं, आणि गॅरेजमध्ये आमच्या हाती नुसता भुगा येतो. भुग्यावरून काय मोडलं ते सांगता येतं. का मोडलं ते मात्र सांगता येत नाही.

म्हणून करूळ घाटाच्या माथ्यावरून त्या ताईंचा फोन आला तेव्हा माझं पहिलं सांगणं एवढंच होतं, "ताई, गाडीला कुणाला हात लावू देऊ नका. टोचन तर अजिबात नको."

गगनबावड्याच्या बाजूला त्यांचं छोटं होमस्टे आहे. गाडी परदेशी बनावटीची, जुनी, सेकंड हँड घेतलेली एसयूव्ही. इंजिन पुढे आडवं बसवलेलं, हातानं टाकायचा गिअर आणि चारही चाकांना कायमची जोडणी. वैभववाडीहून सामान घेऊन त्या घाट चढत होत्या. माथ्याजवळच्या वळणावर मागून धाडकन आवाज आला, गाडी घसपटत थांबली आणि इंजिन बंद पडलं. गावातला एक मिस्त्री येऊन बघून गेला होता. त्याचं मत पडलं, गिअरबॉक्स गेला.

मी त्यांना फोनवरच काही गोष्टी करायला लावल्या. क्लच पूर्ण दाबून स्टार्टर मारा. इंजिन लागलं. म्हणजे इंजिन जाम नाही. क्लच दाबलेलाच ठेवून हँडब्रेक सोडा, उतारावर गाडी सरकते का बघा. सरकली नाही. म्हणजे अडथळा क्लचच्या पुढे, चाकांच्या बाजूला. आता न्यूट्रल करून क्लच हळूहळू सोडा. इंजिन नेहमीसारखं चालत राहिलं. गिअरबॉक्समध्ये एकाच वेळी दोन गिअर अडकले असते तर क्लच सोडताच इंजिन गुदमरून बंद पडलं असतं. ते पडलं नाही, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट मोकळा फिरत होता.

"आता गाडीच्या मागे जाऊन रस्ता बघा. काळे पट्टे दिसतात का?"

त्या गेल्या, बघून आल्या. "दोन आहेत, मिस्त्री. मागच्या दोन्ही चाकांपाशी येऊन संपतात. दोन्ही सारखेच."

या उत्तरानं माझं निम्मं काम झालं. एकाच चाकाचा ब्रेक किंवा एकाच चाकाचं बेरिंग धरलं असतं तर पट्टा एकच उमटला असता. दोन्ही चाकं एकाच क्षणी धरली याचा अर्थ, दोघांना जोडणाऱ्या कशानं तरी धरलं. मार्च महिना होता, रस्ता कोरडा होता, म्हणून हे पट्टे दिसले. पावसाळ्यात त्या घाटात हा साक्षीदार मिळाला नसता.

शेवटी मी विचारलं, "या आधी वळताना काही वेगळं जाणवत होतं का?"

त्या क्षणभर थांबल्या आणि मग भराभर बोलू लागल्या. होमस्टेच्या अंगणात गाडी पूर्ण वळवून लावताना हँडब्रेक राहिल्यासारखी अडायची. ॲक्सिलरेटर सोडला की जागीच थांबायची. घाटातल्या आकड्या वळणांवर खालून घुमल्यासारखा आवाज यायचा. एका गॅरेजमध्ये हे सांगितलं तर त्यांनी स्टिअरिंगचं ऑइल बदललं. पुन्हा सांगितलं तर मागचे ब्रेक साफ करून दिले. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं, मोठी गाडी आहे ताई, जड लागणारच.

मला या उत्तराचं फार वाईट वाटतं. रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला तिच्यातला बदल आमच्या कुठल्याही यंत्राच्या आधी कळतो. त्याला भागांची नावं येत नसतील, पण 'हँडब्रेक राहिल्यासारखी' हे त्या ताईंचं वर्णन इतकं अचूक होतं की चारचाकी जोडणीची गाडी हाताळलेल्या कुणाच्याही मनात त्याच क्षणी योग्य ती शंका यायला हवी होती.

ती शंका मला आली, कारण मी जीपवर शिकलो. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. आजूबाजूला लेथ, फाउंड्री, गिअर कापणारी दुकानं. माझ्या उमेदवारीच्या काळात साखर कारखान्यांच्या, बांधकाम खात्याच्या, दूधवाल्यांच्या जीप आमच्याकडे यायच्या. महिंद्रांनी 1947 पासून इथे विलिज जीप जुळवायला घेतली, आणि त्या घराण्यातल्या गाड्यांचा एक कडक नियम जुने ड्रायव्हर पाळत: चिखल, वाळू किंवा ओला चढ असेल तेव्हाच पुढच्या ॲक्सलचा दांडा लावायचा, सुक्या डांबरी रस्त्यावर लावून वळायचं नाही. कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. खळ्यावर मळणीला फिरणाऱ्या बैलांमध्ये मेढीजवळच्या बैलापेक्षा कडेच्या बैलाला जास्त चालावं लागतं, तसंच. कडेच्या बैलाला आतल्याच्याच पावलांनी चालायला भाग पाडलं तर दोघांच्या मानेवरचं जू पिळवटेल. जीपमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना थेट बांधलेले. मातीत चाक थोडं घसरतं आणि फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. मग दांडा निघता निघत नाही. अशा वेळी आमचे उस्ताद गाडी रिव्हर्समध्ये थोडी सरळ मागे घ्यायला लावत. पीळ सुटायचा आणि दांडा आपोआप हातात यायचा.

कायम चारही चाकं चालवणाऱ्या गाडीत हा फरक गिळायला मध्ये काहीतरी असावंच लागतं. कुठे तिसरं डिफरन्शियल असतं, कुठे विजेवर चालणारा क्लच. ताईंच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टच्या मधोमध व्हिस्कस कपलिंग होतं: पत्र्याच्या छिद्रं पाडलेल्या अनेक चकत्यांचा बंद डबा. एक आड एक चकती पुढच्या शाफ्टला आणि मागच्या शाफ्टला अडकवलेली. चकत्या एकमेकींना टेकत नाहीत, मधल्या फटीत दाट सिलिकॉन द्रव असतो. वेगातला फरक थोडा असला तर चकत्या द्रवातून सरकून जातात. फरक वाढला तर द्रव घुसळून तापतो, प्रसरण पावतो, डब्यात मुद्दाम ठेवलेली हवेची जागा भरून टाकतो, आतला दाब चढतो आणि चकत्या जवळपास एकजीव होऊन ताकद दुसऱ्या ॲक्सलकडे पाठवतात. संगणक नाही, वायर नाही, सेन्सर नाही.

मला या डब्याबद्दल आदर आहे. ज्या हॅरी फर्ग्युसन यांचं नाव आपल्याकडच्या शेतात मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरवर दिसतं, त्यांच्या इंग्लंडमधल्या संशोधन संस्थेत चारचाकी जोडणीवर आणि पुढे या कपलिंगवर फार मोठं काम झालं. त्या कामाची धुरा वाहणारे टोनी रोल्ट 1953 साली डंकन हॅमिल्टन यांच्यासोबत ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकलेले होते, आणि दुसऱ्या महायुद्धात कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैदेत असताना सोबत्यांसह छपराखाली लपून ग्लायडर बांधणाऱ्यांपैकी होते. फर्ग्युसनच्या पद्धतीवर चालणारी जेन्सन एफएफ 1966 साली रस्त्यावर आली. अमेरिकेतल्या एएमसी ईगलमध्ये 1980 च्या मॉडेलपासून व्हिस्कस कपलिंग बसू लागलं. पण या डब्याची एक मर्यादा आहे. तो सीलबंद असतो. वर्षानुवर्षं तापून द्रव दाट होत गेला तर बाहेरून ते दिसत नाही, कुठला दिवा पेटत नाही. कपलिंग हळूहळू शाफ्टसारखंच घट्ट होत जातं, आणि एक दिवस ती गाडी दांडा लावून डांबरावर पळणारी जीप झालेली असते. मालकाला त्याचा पत्ता नसतो.

एवढं डोक्यात घेऊन मी आणि गॅरेजमधला पोरगा निघालो. कोल्हापूर ते गगनबावडा साधारण 55 किलोमीटर. पोहोचलो तेव्हा ताईंनी गाडीच्या मागे झाडाच्या फांद्या आणि दगड मांडून ठेवले होते आणि कुणालाही गाडीजवळ फिरकू दिलं नव्हतं. गावातला मिस्त्रीही पुन्हा येऊन थांबला होता. त्याचं निदान मला चुकीचं वाटत असलं तरी त्यामागचा विचार समजत होता. त्यानं गाडी पुढून ढकलून पाहिली, मागून पाहिली, पुढचं एक चाक जॅकवर उचलून फिरवून पाहिलं. काहीच हललं नाही. चारही चाकं धरलेली, मग चारही चाकांचं मूळ तो गिअरबॉक्स, असा त्याचा हिशोब. पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढची चाकं अशी धरली असती तर तो बरोबर ठरला असता.

चारही चाकं बांधलेल्या गाडीत एका ठिकाणचं अडणं सगळीकडे पसरतं. म्हणून अशा वेळी मी काही उघडत नाही. आधी जोडण्या एकेक करून सोडवतो आणि प्रत्येक वेळी बघतो की अडथळा कुठल्या बाजूला राहिला.

चाकांना पक्के दगड लावले. शाफ्टखाली सरकून हात फिरवला. शाफ्टचे नळे गार होते, मधलं कपलिंग एवढ्या वेळानंतरही कोमट होतं. मागच्या डिफरन्शियलचं केसिंगही कोमट, आणि जळक्या गिअर ऑइलचा वास. गिअरबॉक्सची ताकद शाफ्टकडे वळवणारा पुढचा ट्रान्स्फर बॉक्स इंजिनच्या उष्णतेत असल्यानं त्याच्या तापण्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मग पुढचं एक चाक जॅकनं उचललं. टायर जमिनीवरून सुटताना चाकानं आपणहून झटका घेतला आणि थोडंसं फिरलं. हा साठलेला पीळ. मी पोराला आधीच दूर उभं केलं होतं. असा पीळ असताना थेट शाफ्टचे बोल्ट सोडायला गेलं तर शेवटचा बोल्ट निघताना शाफ्ट उसळतो आणि बोटं जातात. आधी चाक उचलून पीळ सोडवायचा, मग बोल्टला पाना लावायचा, हा माझ्याकडचा न मोडायचा नियम आहे.

ते उचललेलं चाक मी दोन्ही हातांनी, मग टॉमी लावून, पूर्ण वजन टाकून फिरवून पाहिलं. धडधाकट कपलिंग असतं तर मागचा भाग जाम असूनही ते चाक जडपणे, सावकाश का होईना, फिरलं असतं. इथे ते ढिम्म होतं.

चाक खाली घेतलं, मागची दोन्ही चाकं उचलून घोड्यांवर घेतली. या तपासणीवर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे. डावं चाक हातानं पुढे फिरवलं. उजवं चाक अलगद उलट फिरलं. या एकाच हालचालीनं दोन्ही चाकांचे ब्रेक, हँडब्रेकच्या केबल, चाकांची बेरिंगं, दोन्ही हाफ शाफ्ट आणि डिफरन्शियलच्या आतली छोटी कोनी गिअरं, एवढे सगळे संशयित सुटले. यातलं काहीही धरलेलं असतं तर चाकं अशी मोकळी उलटसुलट फिरली नसती. मग पोराला उजव्या चाकापाशी बसवलं आणि दोघांनी मिळून दोन्ही चाकं एकाच दिशेला लोटली. दगडासारखी घट्ट. नुसती घट्ट नव्हती, प्लेसुद्धा नव्हता. अडथळा पुढे कुठे ट्रान्स्फर बॉक्समध्ये असता तर डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनच्या दातांमधली, शाफ्टच्या क्रॉसमधली मोकळीक मिळून चाक थोडंसं खटखटलं असतं. पीळ सोडवल्यावरही ते खटखटत नव्हतं. म्हणजे अडथळा दातांच्या अगदी तोंडाशी होता.

खात्री करायला शाफ्टचे दोन्ही टोकांचे बोल्ट सोडून शाफ्ट कपलिंगसकट खाली घेतला. पुढचं चाक पुन्हा उचललं, न्यूट्रलमध्ये बोटानं ढकललं, ते फिरत राहिलं. गावातल्या मिस्त्रीनं स्वतः हात लावून फिरवून पाहिलं. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर बॉक्स दोन्ही सुटले. मागे डिफरन्शियलच्या तोंडाचा फ्लँज पाइप लावूनही हलेना. तो मिस्त्री म्हणाला, "शाफ्ट काढून बघायचं डोक्यात आलं नाही. आता येईल." गगनबावड्याच्या बाजूला अशा गाड्या आता वाढत चालल्या आहेत, आणि कोल्हापूरहून माणूस येईपर्यंत थांबायला सगळ्यांना जमत नाही. त्याच्या हाताखालून पुढच्या गाडीचा गिअरबॉक्स विनाकारण उघडला जाणार नाही, याचं मला मोठं समाधान आहे.

फ्लॅटबेडवर गाडी चढवताना मागच्या चाकांखाली ग्रीस लावलेले पत्र्याचे तुकडे सरकवले आणि विंचनं ती अलगद घसटत वर घेतली. चाक एकदाही जबरदस्तीनं फिरवलं नाही.

गॅरेजमध्ये मागच्या डिफरन्शियलचं ऑइल काढलं. काळं, चमकी मिसळलेलं, आणि ड्रेन नटाच्या चुंबकाला पिंजऱ्याचे पातळ तुकडे चिकटलेले. कव्हर उघडल्यावर पिनियनच्या मुंडीजवळचं टेपर बेरिंग फुटलेलं दिसलं. त्यातला एक रोलर क्राउन आणि पिनियनच्या दातांमध्ये पाचरीसारखा बसला होता. गाडी ओढली नव्हती म्हणून तो तिथे तसाच होता, त्याच्या दोन्ही अंगांवर दातांचे ठसे उमटलेले.

इथे अनेक गॅरेजमध्ये काम संपतं. जुन्या बाजारातून डिफरन्शियल आणायचं, बसवायचं, गाडी द्यायची. मला ते पटत नाही, कारण ऑइल पातळीला बरोबर होतं. सील कोरडी होती. बेरिंग तेलावाचून मेलं नव्हतं. कडीवरचे खवले उडालेले होते, तेही भार पडणाऱ्या जागी, सलग. म्हणजे दीर्घकाळ कुणीतरी त्याच्यावर नेमापेक्षा जास्त भार टाकत होतं. मोडलेला भाग सापडला होता, मोडणारा अजून सापडायचा होता.

कपलिंगचं एक टोक मोठ्या व्हाइसमध्ये पकडलं, दुसऱ्या टोकाला लांब दांडा बांधून त्याच्या टोकाला वजन लटकवलं. चांगल्या कपलिंगमध्ये दांडा सावकाश, एकसारखा खाली येत जातो. हा दांडा चहा पिऊन झाला तरी होता तिथेच होता. पोरानं स्कॅनर लावून पाहिला होता, त्यात याबद्दल काही नव्हतं आणि असणार नव्हतं. ज्या जागी सेन्सर नाही तिथलं दुखणं स्कॅनर कुठून सांगणार? नव्या पिढीच्या मुलांना मी स्कॅनर जरूर शिकवतो. त्याच्याबरोबर हा दांडा आणि वजनही शिकवतो.

मग टायर. पुढचे दोन जवळजवळ नवे, खाचा भरपूर खोल. मागचे दोन झिजलेले. ताईंनी सांगितलं, साधारण वर्षापूर्वी पुढचे टायर संपले म्हणून दुकानात दोनच बदलून घेतले होते. मागचे अजून चालतील, असं दुकानदार म्हणाला होता. दोनचाकी जोडणीच्या गाडीला असा सल्ला रोज दिला जातो आणि तिथे गाडीच्या यंत्रणेला त्याचा त्रास होत नाही.

खाचांची खोली मोजून फरक कळतो, पण खरा हिशोब जमिनीवर होतो. टायरवर खडूची खूण केली, फरशीवर खूण केली, आणि गाडीच्या वजनाखाली पुढच्या टायरच्या 10 फेऱ्या पूर्ण होईपर्यंत सरळ लोटून अंतर मोजलं. मग तेच मागच्या टायरचं. 10 फेऱ्यांना अंतर भरतं 21 मीटरच्या आसपास, आणि दोघांत फरक आला वीतभर. वीतभर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण किलोमीटरला तो 10 मीटरच्या वर जातो. कोल्हापूर ते गगनबावडा एका खेपेत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त तफावत साठते. सरळ, सपाट रस्त्यावरसुद्धा, एक क्षणही न थांबता. ती सगळी तफावत त्या सीलबंद डब्यातला द्रव घुसळून घुसळून गिळत होता आणि त्यात तापत होता. त्याचं वयही झालेलं होतंच. आधीच दाट होत चाललेला द्रव वर्षभर असा शिजला.

एकदा कपलिंग घट्ट झाल्यावर पुढचं सगळं सरळ आहे. झिजलेली मागची चाकं सरळ रस्त्यावर पुढच्यांपेक्षा जास्त फिरू पाहतात, म्हणजे पीळ एका बाजूला. घाटातलं आकडं वळण आलं की पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो, ती जास्त फिरू पाहतात आणि पीळ उलटतो. वळणातला हा फरक टायरच्या फरकापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. करूळ घाट म्हणजे एकामागून एक वळणं. प्रत्येक वळणावर पिनियनच्या त्या बेरिंगनं एकदा इकडून, एकदा तिकडून मार खाल्ला. ताई जो घुमणारा आवाज सांगत होत्या तो त्याचाच. त्या वेळी कुणी शाफ्टखाली जाऊन कपलिंगला हात लावला असता, निदान गाडी मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून न्यूट्रलमध्ये सोडून दिली असती, तर ती अडून थांबते हे दिसलं असतं आणि डिफरन्शियल वाचलं असतं.

उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या लेथवर आम्ही ते जुनं कपलिंग उघडलं. आत दाब असतो, म्हणून आधी सावधपणे बारीक भोक पाडून तो सोडला. चकत्या तापून निळ्या-करड्या झालेल्या, कडांना एकमेकींना घासल्याच्या खुणा, आणि द्रव वाहण्याऐवजी चकत्यांना धरून ओढला जात होता. पोरगं कितीतरी वेळ त्या चकत्या सुट्या करत बसलं.

ताईंना मी सगळे भाग समोर मांडून दाखवले. रोलर, खवले उडालेली कडी, चकत्या, खडूचे आकडे. खर्चाचा आकडा मोठा होता: डिफरन्शियलची बेरिंगं आणि क्राउन-पिनियनचा जोड, नवं कपलिंग, आणि वर चारही टायर एकाच मेकचे, एकाच मापाचे, एकदम. त्यांच्यासमोर दुसराही रस्ता होता आणि तो मी लपवला नाही. डिफरन्शियल दुरुस्त करायचं, शाफ्ट आणि कपलिंग बसवायचंच नाही. या गाडीत ते जमतं, ती पुढच्या दोन चाकांवर धावत राहते. सपाटीवरच्या काही मालकांना मी हेच सुचवलं आहे. ताई म्हणाल्या, "पावसाळ्यात माझ्या घरापर्यंतचा चढ लाल चिखलाचा आहे, मिस्त्री. पाहुणे रात्री-बेरात्री येतात. मला चारही चाकं लागतात." मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना ते वेगळं सांगायला नको.

काम पूर्ण झाल्यावर गाडी गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत नेली. त्यांनाच चालवायला दिली. स्टिअरिंग पूर्ण वळवा, पहिल्या गिअरात थोडी चाल द्या, मग क्लच दाबून गाडी तशीच सोडून द्या. गाडी गोल फिरत, हळूहळू वेग कमी होत आपणहून थांबली, मध्येच अडली नाही. त्यांनी दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा करून पाहिलं. मग म्हणाल्या, "ही घेतली तेव्हा अशीच होती."

चावी घेता घेता त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला फार थोड्या मालकांनी विचारला आहे. डिकीतलं पाचवं चाक कोरं आहे. चार टायर अर्धे झिजल्यावर पंक्चर झालं आणि ते लावलं तर पुन्हा तेच नाही का होणार? होणार. जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश जायला हरकत नाही, पण ते लावून घाटात फिरत राहायचं नाही. त्यावर उपाय असा, की स्टेपनी त्याच मापाची, त्याच मेकची घ्यायची आणि चाकांची अदलाबदल करताना चारऐवजी पाच चाकं फिरवायची, म्हणजे पाचही सारखी झिजतात. त्यांनी पर्समधून वही काढली, कुठलं चाक कुठे जाणार त्याची आकृती माझ्याकडून काढून घेतली, आणि पाचव्या टायरचीही ऑर्डर तिथेच दिली.